शांततेच्या काळातला अपघात, मग अहवाल कुलपात कशासाठी?

२८ जानेवारी २०२३, शनिवार होता. शनिवार म्हणजे आमच्या नाशिकच्या अंबड एमआयडीसीला सुट्टी, त्यामुळे मी घरीच होतो आणि वडील नेहमीसारखे टीव्हीसमोर. ग्वाल्हेरहून उडालेली हवाई दलाची दोन विमानं मुरैनाजवळ पडली अशी पट्टी आली, एक सुखोई आणि एक मिराज, दोन्ही लढाऊ. वडिलांची सगळी नोकरी ओझर मिगला, म्हणजे नाशिकजवळच्या ओझरच्या विमान कारखान्यात गेली, आधी मिगवर आणि शेवटची काही वर्षं सुखोईवर, त्यामुळे अशी बातमी आली की ते आवाज वाढवत नाहीत, उलट कमी करतात आणि पुढे सरकून बसतात. सुखोईतले दोघं पायलट बाहेर पडून वाचले. मिराजमध्ये एकटेच असलेले बेळगावचे विंग कमांडर हनुमंतराव सारथी गेले. हवेत टक्कर झाली असावी असं त्याच दिवशी बोललं जायला लागलं, हवाई दलाने कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे स्वतःची अंतर्गत चौकशी बसवली, संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या स्टेटसला तिरंगा आणि मेणबत्ती. वडील एवढंच म्हणाले, "आता कळायचं नाही काही."

तेव्हा मला त्यांचं बोलणं जुन्या माणसाची सवय वाटलं होतं, पण नंतर जसजसं या विषयावर वाचत गेलो तसतसं पटत गेलं की आपल्याकडे लष्करी विमानाचा अपघात झाला की पहिले दोन दिवस सगळं कळतं आणि नंतर जे खरं कळायला पाहिजे ते कधीच धड कळत नाही. आणि माझं स्पष्ट मत आहे की हे बदललं पाहिजे. युद्ध चालू नसताना, शत्रूचा काही संबंध नसताना, सरावात आपलीच दोन विमानं एकमेकांवर आदळून माणूस गेला, तर ते का झालं याचा वाचता येईल असा अहवाल ठरलेल्या मुदतीत जाहीर झालाच पाहिजे. गुपितं असतील ती झाका, पण अहवाल बाहेर आला पाहिजे.

नाशिकवाल्याने यात का पडावं असं कुणी विचारेल. अहो, आपण पडलेलोच आहोत. १९६४ मध्ये मिग-२१ बनवायला ओझरला कारखाना उभा राहिला तेव्हापासून या जिल्ह्यातल्या हजारो घरांची चूल विमानांवर पेटलेली आहे. देशातल्या बहुतेक सुखोई ओझरलाच जोडल्या गेल्यात, तिथेच ओव्हरहॉलला येतात, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये इथे बनलेलं पहिलं तेजस मार्क-१ए इथूनच उडालं. पिंपळगाव, निफाड, दिंडोरी या पट्ट्यात द्राक्षाच्या बागेत छाटणी करणारा माणूससुद्धा आवाजावरून सांगतो की हे सुखोई आहे. आणि पडलेलं विमानही आपण पाहिलंय. २७ जून २०१८ ला वावी-ठुशीच्या शेतात सुखोई पडलं. ४ जून २०२४ ला शिरसगावला पडलं. दोन्ही वेळेला पायलट सुखरूप बाहेर आले, ही फार मोठी गोष्ट. पण २०२४ ची तारीख बघा, त्या दिवशी लोकसभेची मतमोजणी होती, सगळा देश टीव्हीवर आकडे बघत होता. माझा मावसभाऊ निफाडचा, त्याचा दुपारी फोन आला, मला वाटलं निकालाचं काही असेल, तर म्हणे, "दादा, शिरसगावला विमान पडलं ना, धूर दिसतोय इथून." संध्याकाळी पुन्हा फोन केला तर म्हणाला की पायलट वाचले, बाकी काय झालं कुणालाच माहिती नाही, शेतात कुणाला जाऊ देत नाहीयेत. त्यालाच नंतर पुढच्या वर्षी विचारलं, कळलं का रे काही कशामुळे पडलं होतं ते? नाही म्हणाला. त्याच्या वावराच्या इतक्या जवळ आभाळातून विमान आलं आणि का आलं हे त्याला कुणी सांगायला आलेलं नाही.

आता टक्कर कशी होते ते थोडं समजून घेऊ, कारण आपल्याकडे लगेच वाक्य येतं की एवढं मोठं आभाळ, एवढे तयारीचे पायलट, समोरचं विमान दिसलं कसं नाही. मी साधं गणित करून बघितलं. दोन विमानं समोरासमोर येतायत आणि दोघांचा वेग ताशी ९०० किलोमीटर धरला, फायटरसाठी हा काही फार वेग नाही, तर दोघांमधलं अंतर सेकंदाला ५०० मीटरने कमी होतं. समोर काहीतरी आहे हे डोळ्याला दिसणं, ते विमान आहे हे ओळखणं, ते आपल्याच अंगावर येतंय हे कळणं, काय करायचं ठरवणं, हात हलणं आणि मग विमान वळणं, या सगळ्याला अमेरिकेच्या नागरी विमान खात्याच्या मार्गदर्शक पत्रकात साडेबारा सेकंद धरलेत. फायटर पायलट त्यात तरबेज असतो, निम्म्या वेळात करेल असं धरा, म्हणजे सहा सेकंद. सहा सेकंद म्हणजे तीन किलोमीटर. मिराजच्या पंखांची रुंदी नऊ मीटरच्या थोडी वर आहे. तीन किलोमीटरवरून ते विमान किती दिसेल तर हात लांब करून बोटावर मोहरीचा दाणा ठेवला तर जेवढा दिसेल तेवढं. आणि टक्कर व्हायच्या एक सेकंद आधी? नखाएवढं. बस. एका सेकंदात नखाएवढं असलेलं अख्खं विमान होऊन अंगावर येतं.

त्याहून वाईट म्हणजे टक्करीच्या मार्गावर असलेली गोष्ट काचेवर हलत नाही. दोन्ही विमानं सरळ, एकाच वेगाने एका बिंदूकडे चाललेली असतील तर समोरचं विमान काचेवर एकाच जागी ठिपक्यासारखं चिकटून राहतं, फक्त मोठं होत जातं, आणि माणसाचा डोळा हलणारी गोष्ट पटकन पकडतो, न हलणारी नाही. त्यात सराव म्हटला की एकाने दुसऱ्याच्या मागे लागायचं, वळायचं, उलटं व्हायचं, सूर्य डोळ्यावर, वळणात अंगावर वजनाच्या कित्येक पट दाब, आणि स्वतःच्याच विमानाचं नाक किंवा पंख मधे येऊन खालचा भाग झाकलेला. म्हणून तर जगभर सरावाचे नियम केलेत की एकमेकांच्या इतक्या फुटांच्या आत यायचं नाही, याने या उंचीच्या पट्ट्यात राहायचं त्याने त्या, आणि समोरचा नजरेआड झाला की लगेच रेडिओवर सांगून खेळ थांबवायचा. हे नियम म्हणजे नुसत्या डोळ्यावर भरवसा ठेवता येत नाही याची कबुलीच आहे.

मग अपघात झाल्यावर "पायलटची चूक" एवढ्या दोन शब्दांवर फाईल कशी बंद होऊ शकते?

इथे मला माझ्या कामाचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. मी अंबडला एका छोट्या कारखान्यात क्वालिटी बघतो, गाड्यांचे पार्ट बनतात आमच्याकडे. काही वर्षांपूर्वी एका बुशचा, म्हणजे भोक असलेल्या छोट्या गोल पार्टचा, अख्खा लॉट गिऱ्हाईकाकडून परत आला, भोक एका बाजूला सरकलेलं. आम्ही शोधलं तर ऑपरेटरने पीस फिक्स्चरमध्ये, म्हणजे पीस पकडून ठेवणाऱ्या पकडीत, उलटा लावला होता. मी ८डी रिपोर्ट, म्हणजे बिघाडाचं कारण आणि उपाय लिहायचा फॉर्म, भरला, रूट कॉजच्या म्हणजे मूळ कारणाच्या रकान्यात लिहिलं "ऑपरेटरची चूक", उपाय म्हणून लिहिलं "समज दिली". दुसऱ्या दिवशी रिपोर्ट परत. त्या रकान्याभोवती लाल गोल आणि बाजूला एकच प्रश्न, की पीस उलटा बसतोच कसा? त्या प्रश्नाने मला तीन दिवस बसवलं. शेवटी फिक्स्चरमध्ये आठ एमएमची एक पिन ठोकली, आता पीस उलटा लावायचा म्हटला तरी लागत नाही. ऑपरेटर तोच आहे, शिफ्ट तीच आहे, तो प्रॉब्लेम परत आलेला नाही. ऑपरेटर चुकला होता का? चुकला होता. पण "तो चुकला" हे उत्तर नव्हतं, तिथून तर प्रश्न सुरू होत होता. शंभर रुपयांच्या बुशसाठी जे उत्तर आमचं गिऱ्हाईक स्वीकारत नाही ते एका माणसाच्या जिवासाठी आपण देश म्हणून कसं काय स्वीकारतो?

डिसेंबर २०२४ मध्ये संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीचा अहवाल आला, त्यात २०१७ ते २०२२ या काळात हवाई दलाचे ३४ अपघात झाल्याची नोंद आहे आणि कारणांचा एक रकाना आहे. जनरल बिपिन रावत ज्यात गेले, डिसेंबर २०२१ चा तो हेलिकॉप्टर अपघात, १४ माणसं गेली, त्याच्यासमोर त्या रकान्यात मानवी चूक, विमान चालवणाऱ्यांची, असं लिहिलंय. रकान्यात मावेल एवढं कारण. खरं तर या अपघातात हवाई दलाने एक चांगली गोष्ट केली होती, जानेवारी २०२२ मध्ये स्वतःहून निवेदन काढलं होतं की घातपात नव्हता, यांत्रिक बिघाड नव्हता, हवामान अचानक बदलून हेलिकॉप्टर ढगात शिरलं आणि पायलटला दिशेचं भान राहिलं नाही. थोडक्यात होतं पण माणसाला समजेल असं होतं. म्हणजे मनात आणलं तर सांगता येतं, आणि सांगितल्याने देशाच्या सुरक्षेला काही धक्का बसलेला नाही. मग हे मोठा माणूस गेला तरच का व्हावं? फेब्रुवारी २०१९ मध्ये बंगळुरूला येलहंक्यावर एअर शोच्या आदल्या दिवशी सराव करताना सूर्यकिरण या हवाई दलाच्या कसरतींच्या तुकडीची दोन हॉक विमानं एकमेकांवर आदळली, विंग कमांडर साहिल गांधी गेले, दोघं वाचले. ते तर लोकांना दाखवायचं प्रदर्शन होतं, त्यात कसलं गुपित?

नागरी विमानांचं आपल्याकडे कसं चालतं बघा. १२ नोव्हेंबर १९९६ ला चरखी दादरीवर सौदीचं जंबो आणि कझाकस्तानचं विमान धडकलं, ३४९ माणसं गेली, हवेतल्या टक्करीतला जगातला सगळ्यात भयानक अपघात. न्यायमूर्ती लाहोटींची चौकशी झाली, अहवाल आला, आणि त्यानंतर आपल्याकडे विमानांत टक्कर टाळणारं यंत्र सक्तीचं झालं, दिल्लीला येणाऱ्या आणि जाणाऱ्या विमानांचे मार्ग वेगळे केले गेले. आज मुंबईहून विमानात बसणाऱ्या प्रत्येकाचा जीव त्या अहवालावर तरलेला आहे. आणि अगदी अलीकडचं, जून २०२५ चा अहमदाबादचा अपघात, त्याचा प्राथमिक अहवाल महिन्याभरात लोकांच्या हातात होता. त्यावर वाद झाले, अजून चालू आहेत, पण वाद घालायला कागद तरी समोर आहे. लष्करी विमान पडलं की हे नियम लागू होत नाहीत. चौकशी करणारे हवाई दलाचेच अधिकारी, अहवाल जाणार हवाई दलाच्याच वरिष्ठांकडे. त्या अधिकाऱ्यांच्या प्रामाणिकपणावर मला जराही शंका नाही, पण स्वतःच्या डिपार्टमेंटचं ऑडिट स्वतः करू नये हे तर आम्ही बुश बनवणारेही पाळतो.

आता यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही खरेच वजनदार आहेत.

पहिला म्हणजे गुपितं फुटतील. रडार किती लांबचं पाहतं, कोणते डावपेच शिकवतात, हे शत्रूला कशाला सांगायचं. बरोबर आहे, सांगू नका. त्या ओळी काळ्या करा. पण विमानाची देखभाल वेळेवर झाली होती का, पायलटला पुरेशी विश्रांती मिळाली होती का, उड्डाणाआधीच्या ब्रीफिंगमध्ये उंचीचे पट्टे ठरले होते का, टक्करीची सूचना देणारं यंत्र होतं का, नसेल तर कुणी किती वर्षं मागितलं होतं, यात गुपित काय आहे? ब्रिटनमध्ये ३ जुलै २०१२ ला स्कॉटलंडच्या मोरे फर्थवर त्यांच्या हवाई दलाची दोन टोर्नाडो लढाऊ विमानं सरावात धडकली, तिघं गेले. २०१४ मध्ये अहवाल जाहीर झाला आणि त्यात सरळ लिहिलं होतं की विमानात टक्करीची सूचना देणारं यंत्र नव्हतं, ते बसवायचा विषय वर्षानुवर्षं रेंगाळत राहिला होता. म्हणजे बोट कॉकपिटवरून मंत्रालयाच्या टेबलापर्यंत गेलं. असा अहवाल कुलपात राहिला असता तर बोट कॉकपिटवरच थांबलं असतं, कारण कॉकपिटमधला माणूस उत्तर द्यायला उरलेला नसतो. फ्रान्समध्येही लष्करी विमानांच्या अपघातासाठी वेगळी चौकशी संस्था आहे आणि तिचे अहवाल लोकांना वाचायला मिळतात. या देशांना शत्रू नाहीत असं कोण म्हणेल?

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. बोललेलं सगळं बाहेर जाणार म्हटलं तर पायलट आणि टेक्निशियन खरं बोलणार नाहीत, आणि खरं कळलं नाही तर पुढचा अपघात टळणार नाही. हे शंभर टक्के खरं आहे, आमच्या शॉपफ्लोअरवरही ज्या दिवशी दंड लावायला सुरुवात होते त्या दिवसापासून लोक रिजेक्शन लपवायला लागतात. पण यावर उपाय निघालेला आहे. अमेरिकेच्या हवाई दलात दोन चौकश्या होतात. एक सुरक्षेसाठी, बंद दाराआड, तिथे माणूस मोकळेपणाने बोलतो आणि ते बोलणं त्याच्याविरुद्ध वापरलं जात नाही. दुसरी वेगळी, तिचा अहवाल जाहीर होतो, घरच्यांना समोर बसून समजावून सांगतात. आपल्यालाही हे जमण्यासारखं आहे.

आणि अहवाल बाहेर असण्याचा आणखी एक फायदा असतो, अहवालच चुकला असेल तर ते सापडतं. डिसेंबर २०१८ मध्ये जपानजवळ अमेरिकेच्या मरीन या लष्करी दलाचं एक फायटर रात्रीच्या सरावात इंधन देणाऱ्या विमानाला धडकलं, सहा जण गेले. पहिल्या अहवालात स्क्वाड्रनच्याच, म्हणजे त्या पायलटांच्या तुकडीच्याच वागणुकीवर बरंच खापर फोडलं होतं. तो अहवाल बाहेर आला, पत्रकारांनी आणि जाणकारांनी त्यातली एकेक गोष्ट तपासली, फेरतपासणी झाली आणि त्यातले कित्येक निष्कर्ष चुकीचे होते हे खुद्द त्यांच्याच लष्कराला मान्य करावं लागलं. गेलेल्या माणसाच्या नावावर डाग लागला असेल तर तो अशानेच निघतो.

हा डाग काय असतो ते महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको. पुण्याचे फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ सप्टेंबर २००१ मध्ये सुरतगडला मिग-२१ च्या अपघातात गेले. चूक मुलाची होती हे कविता गाडगीळ यांना मान्य नव्हतं, आणि ही माउली वर्षानुवर्षं मोठमोठ्या लोकांसमोर प्रश्न विचारत उभी राहिली. ते प्रश्न वेडेपणाचे नव्हते हे नंतर आकड्यांनीच दाखवलं, २०१२ मध्ये सरकारने संसदेत सांगितलं की घेतलेल्या ८७२ मिगपैकी ४८२ अपघातात गेली, १७१ पायलट आणि ३९ सामान्य नागरिक त्यात मेले. हे मिग आमच्या ओझरलाही बनले, म्हणून हा आकडा मला लिहितानाही जड जातो. आपलं पोर गेल्यावर आईने आधी दुःख करायचं की कागद मिळवायचे? आणि कैलांचं प्रकरण बघा. २००५ मध्ये मिग-२१ च्या अपघातातून विंग कमांडर संजीत सिंग कैला वाचले, पण पाठीला कायमची इजा झाली. ते कोर्टात गेले, आणि २०१७ मध्ये दिल्ली हायकोर्टाने ५५ लाखांची भरपाई देताना म्हटलं की सैनिकाने धोका पत्करलेला असतो हे खरं, पण सदोष यंत्राचा धोका त्याने पत्करलेला नसतो. बारा वर्षं लागली. कैला स्वतः जिवंत होते म्हणून लढू शकले.

आपण लोकही यात कुठेतरी कमी पडतो असं मला मनापासून वाटतं. बातमी आली की आपण "शहीद" म्हणतो, चौकात फ्लेक्स लागतो, अंत्ययात्रेला हजारो माणसं येतात, आणि ते सगळं खरंच मनातून असतं, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण त्या शब्दाबरोबर प्रश्न बंद होतो. कुणी विचारलंच की अहो पण झालं कशामुळे, तर चार जण अंगावर येतात की तू काय देशद्रोही आहेस का. वर्ष उलटतं, फ्लेक्स फाटतो, आणि त्या घरातली बायको, आई, भाऊ मात्र रात्री तोच प्रश्न घेऊन झोपतात की शेवटच्या त्या काही सेकंदात काय झालं असेल.

वडिलांना मी हे सगळं बोलून दाखवलं तर ते बराच वेळ गप्प राहिले. त्यांच्या पिढीला कारखान्यातलं घरी बोलायचं नाही ही शिस्तच होती, आम्ही लहानपणी विचारायचो तेव्हा ते विषय बदलायचे. मग म्हणाले, "आम्ही साधा नट टाइट केला तरी कार्डावर सही करायचो. कुणी आवळला, कुणी तपासला, तारीख, शिक्का. विमान असेपर्यंत तो कागद असतो." एवढंच बोलले आणि उठून गॅलरीत गेले. मी त्यावर विचार करत बसलो की नट आवळणाऱ्याची सही वर्षानुवर्षं जपून ठेवणारी ही एवढी काटेकोर व्यवस्था आहे, तिला अपघाताचा जबाब लोकांना देणं जड जाऊ नये.

ओझर आणि निफाड दिंडोरी लोकसभा मतदारसंघात येतात, शहर नाशिकमध्ये. मी दोन्ही खासदारांना स्पीड पोस्टाने एकच पत्र पाठवलंय, पानभराचं. त्यात मागणी एवढीच आहे की पुढच्या अधिवेशनात संरक्षणमंत्र्यांना तीन प्रश्न विचारा. २८ जानेवारी २०२३ ला मुरैनाजवळ काय झालं आणि त्यानंतर सरावाचे कोणते नियम बदलले. ४ जून २०२४ ला शिरसगावला विमान कशामुळे पडलं. आणि शांततेच्या काळातल्या लष्करी विमान अपघातांचा सारांश अहवाल एका वर्षात संसदेसमोर ठेवायचा नियम सरकार करणार का. मावसभावाने गावातल्या अकरा जणांच्या सह्या आणून दिल्यात, त्या सोबत जोडल्यात.